वेताळकड्याचा मुराळी

गेल्या चैत्रापासून आमच्या गावातले दगड वेताळकडा किल्ल्यावर परत जायला लागले. आमच्या आज्या-पणज्यांनी पडक्या किल्ल्याचेच दगड आणून घरं बांधली, हे सगळ्यांना ठाऊक. आता दगड माहेरी निघाले तर बोंब मारायची कुणाच्या नावानं? पाटलांचं जोतं गेलं, देवळाची पायरी गेली, आणि वर बुरूज चढत राहिला. पुरातत्त्व खात्याचे साहेब पाहून गेले. म्हणाले, "काम जुन्या पद्धतीनंच चाललंय. हरकत घेता येत नाही."

मग येसूकाकूंच्या मागच्या भिंतीतली कोपऱ्याची शिळा हलली. ती निघाली की भिंत जाणार, भिंतीमागून छप्पर. एकट्या बाईनं जायचं कुठं? मी गावचा सरपंच, म्हणून धावलो.

"काकू, भांडी तरी हलवा!"

"गप रे रंगा." काकू शिळेकडे वळल्या. "माहेरी निघालीस सूनबाई? खुशाल जा. पण मुराळी कुठाय? न्यायला भाऊ आल्याशिवाय आमच्यात सून उंबरा ओलांडत नाही. तुझ्या माहेरी काही रीतभात आहे का नाही?"

शिळा थांबली. किल्ला पडला राजेशाही, त्याला हे लागलं असणार. सोमवारी महादरवाजाचा एक थोरला चिरा डोंगर उतरून काकूंच्या अंगणात येऊन बसला.

काकूंनी त्याच्यावर पाणी घातलं, कुंकू लावलं, पुरणाचं ताट वाढलं. ते कुणी खाल्लं विचारू नका. मी खाल्लं.

"आलाच आहात तर चार दिवस राहा," काकू म्हणाल्या. "आणि नुसतं बसवत नसेल, तर बहिणीच्या भिंतीला जरा पाठ लावा."

पाहुण्यानं पाठ लावली. भिंत पहिल्यापेक्षा घट्ट झाली.

तो परतेना, म्हणून त्याला न्यायला दुसरा चिरा आला. त्याचाही पाहुणचार झाला. मग तिसरा आला. वर महादरवाजा वाकला, एक दिवस बसलाच. साहेब म्हणतात, या किल्ल्याचं बांधकाम पूर्वीही असंच ऐन शेवटाला थांबलेलं दिसतं. कारण खात्याला सापडत नाही.

काकूंनी आता माडी चढवायला घेतलीय. काल मला हाक मारली.

"रंगा, जिन्याला एक पायरी कमी पडतेय बघ. वर सांगावा धाड, म्हणावं बहीण रुसलीय."

धाडला.