पाडायची खोली

माणसाला डोक्यावर छप्पर लागतं, आणि छपराला डोक्यावर साहेब लागतो. साहेबाशिवाय उभं राहिलेलं छप्पर म्हणजे नुसतं अतिक्रमण. पाऊस त्याच्यावरही पडतो, पण बेकायदेशीर पडतो.

हे आमच्या घरात सगळ्यांना पटलेलं होतं, वहिनी सोडून. वहिनीला सातवा महिना, आणि ती नि दादा झोपायचे हॉलमध्ये, म्हणजे टीव्ही, बाबांचं घोरणं आणि मी यांच्या मधोमध. एक दिवस भाजी चिरता चिरता तिने जाहीर केलं, "गच्चीवर खोली झाली तर बाळ या घरात येईल. नाहीतर मी चालले माहेरी. लाड करायला तुम्ही बसने या."

आईने तिथल्या तिथे खोली मंजूर केली. आईला बस लागते.

आता अडाणी लोक अशा वेळी मिस्त्रीला बोलावतात. आम्ही परवानगी सल्लागारांकडे गेलो. सल्लागार ही फार थोर सोय आहे. पूर्वी साध्या माणसाला दहा टेबलांवर फिरून अपमान करून घ्यावा लागायचा. आता तो एकाच ठिकाणी, एसीत बसून होतो.

सल्लागारांची खुर्ची फिरती होती. आनंद झाला की ते एक गिरकी घ्यायचे.

"खोली कशाला हवी?" त्यांनी विचारलं.

"राहायला," दादा म्हणाला.

सल्लागारांनी डोळेच मिटले. "हे बाहेर कुठे बोलू नका हं. राहायला म्हटलं की फाइल अडकते. आपण त्याला 'जिन्याच्या माथ्यावरील विस्तारित संरक्षण' म्हणू."

"बाळालाही तेच म्हणायचं का?" वहिनीने विचारलं. तिला पुढच्या वेळी नेलं नाही.

नकाशा मात्र देखणा झाला. त्यात आमचं घर होतं, आजूबाजूची घरं होती, एक झाड होतं (ते गेल्या वर्षीच पडलं, पण कागदावर छान वाढलेलं), आणि गच्चीवर खोली. नियम असा की असलेलं बांधकाम काळं, नवीन बांधायचं ते लाल, पाडायचं ते पिवळं. प्रतींवर रंग हाताने भरायचा असतो. सल्लागारांचा रंग भरणारा माणूस रजेवर होता (स्वतःच्या घराच्या परवानगीसाठी), म्हणून ते काम बाबांना दिलं. याला ग्राहकांचा सहभाग म्हणतात.

बाबा रस्ता फोडायचं मशीन चालवतात. मशीन बंद झालं तरी त्यांचे हात चालूच असतात. त्यात लाल पेन वाळलेलं निघालं. दुकान लांब, पाय दुखत होते, आणि घरात पिवळं पेन पडलेलं.

"लाल काय नि पिवळा काय!" बाबा म्हणाले. "साहेब काय फ्रेम करून लावणारे?"

आणि त्यांनी सगळ्या प्रतींवर गच्चीवरची खोली पिवळीधमक केली. हात थरथरला, थोडा रंग शेजारच्या घरांतही गेला. बाबा म्हणाले, शेजाऱ्यांनाही मिळू दे.

सल्लागारांच्या अनुभवानुसार बांधायच्या शंभर अर्जांतले चार मंजूर होतात, आणि त्यातले तीन अर्जदार तोवर वारलेले असतात. आमची परवानगी आठवड्यात आली! सल्लागारांनी गिरकी घेतली. दादाने वहिनीला उचलायला बघितलं, आणि दोघंही सोफ्यावर आपटले. कागदावर मोठ्या अक्षरात 'परवानगी देण्यात येत आहे' असं होतं. एवढं वाचल्यावर पुढे कोण वाचतं?

पुढचं वाचून पालिकेचे तपासनीस साहेब आले. सगळे जिने चढून गच्चीवर उभे राहिले आणि म्हणाले, "खोली कुठंय?"

"आता बांधणार ना, साहेब," दादा म्हणाला.

"बांधणार? पाडायची परवानगी आहे ही." त्यांनी रिकाम्या गच्चीकडे बघितलं. मग आमच्याकडे. "म्हणजे आमच्या देखरेखीशिवाय पाडून मोकळे झालात?"

"अहो, नव्हतीच इथे खोली!" माझं डोकंच फिरलं.

"कागदावर आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "गच्चीवर नाही. मग मधल्या मध्ये काय झालं, ते तू सांग."

याला तर्क म्हणतात. शाळेत असलं काही शिकवत नाहीत, उगाच नाही मी सोडली.

वहिनी खाली जाऊन बॅग भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली: सदर खोली विनादेखरेख पाडण्यात आल्याने ती पूर्वी होती त्या स्थितीत तातडीने उभी करावी, तपासणी करून घ्यावी, व नंतर देखरेखीखाली पाडावी. कसूर केल्यास कारवाई होईल.

सल्लागारांनी ती वाचली आणि दोन गिरक्या घेतल्या. "अहो, रडताय काय! हा बांधायचा हुकूम आहे. परवानगी नाकारता येते. हुकूम कोण नाकारणार?"

वहिनीने बॅग अर्धी रिकामी केली. अर्धी तशीच ठेवली.

मिस्त्रीने खोली भराभर चढवली. पण नोटिशीत होतं 'पूर्वी होती त्या स्थितीत', आणि ही तर कोरी करकरीत. तिला जुनी करायला हवी होती. मिस्त्रीचं तोंड उतरलं. "काकू, मुद्दाम ओल आणलेली नाही हो मी कधी."

"मग एरवी?" आईने विचारलं.

"एरवी ती आपली आपण येते."

मग आम्हीच लागलो कामाला. आईने छतावर चहा शिंपडून ओल काढली, अगदी अस्सल, कडेला पिवळट झाक असलेली. दादाने लाथ घालून प्लास्टर सैल केलं. बाबांनी मशीन आणून भिंतीला एक तडा दिला, इतक्या प्रेमाने की मिस्त्रीने तोंड फिरवलं. मी खिडकीची कडी मोडली (हे मला आधीपासूनच जमतं). हसून हसून सगळ्यांची पोटं दुखायला लागली, वहिनीचं जरा जास्तच, म्हणून तिला खाली बसवलं. बसल्या बसल्या तिने दाराच्या चौकटीवर पेन्सिलने बाळाच्या उंचीच्या खुणा केल्या. पाच वर्षांपर्यंतच्या. बाळ अजून पोटात.

तपासनीस साहेब आले. ओलीवर बोट फिरवलं, तडा बघितला, आणि त्या खुणांपाशी येऊन थांबले. आवाजच मऊ झाला त्यांचा. "मूल इथेच वाढलंय वाटतं?"

"हो ना," वहिनी म्हणाली.

त्यांनी तिच्या पोटाकडे बघितलं. "मग हे दुसरं?"

"पहिलं शाळेत गेलंय," वहिनी म्हणाली. आम्ही तिला पुन्हा सगळीकडे न्यायला लागलो.

साहेबांनी शेरा मारला: खोली जुनी व मूळचीच. आता पाडायची. पण खोली बांधण्याच्या गडबडीत पाडायच्या परवानगीची मुदत संपली होती. नवीन अर्ज करणं आलं. आणि नवीन परवानगी येईपर्यंत खोलीला बोट लावलं तर गुन्हा. तिचं रक्षण करण्याची जबाबदारी आमच्यावर आहे, तसं लेखी आहे.

बाळ त्याच खोलीत झोपतं. चहाच्या डागाकडे बघून हसतं. वहिनीची बॅग पूर्ण रिकामी झाली.

सल्लागारांनी नव्या अर्जाला बाबांनी रंगवलेल्याच प्रती जोडल्या. आमच्या खोलीत मूल राहतं, म्हणून तेवढा भाग वरच्या साहेबांच्या विचारासाठी ठेवलाय. रेषेबाहेर गेलेल्या उरलेल्या पिवळ्याला मात्र कुणाचीच हरकत आली नाही (कुणाला सांगितलंच नव्हतं), म्हणून तो भाग आठवड्यात पाडायला मंजूर झाला. तपासनीस साहेब शिस्तीचे आहेत. ती घरं कुणाची, ते सध्या शोधतायत.

तुम्ही हे कुठे बसून वाचताय? भिंतीला टेकून? जरा सरकून बसा. आमच्या नकाशावर ती भिंत पिवळी आहे.