अकरा मुक्या बटणांचं प्रकरण

"माझ्या नजरेतून आजवर एकही गुन्हेगार सुटलेला नाही," मामा म्हणाले. ते खरंच होतं, कारण त्यांच्या नजरेस आजवर एकही गुन्हेगार पडलेला नव्हता. प्राण्यांच्या दवाखान्यात ते बावीस वर्षं कंपाउंडर होते आणि त्यातली एकवीस वर्षं गुप्तहेर. मागे हरवलेलं थर्मामीटर त्यांनी तीन दिवसांत शोधून काढलं होतं. निघालं ते त्यांच्याच खिशातून, पण शोधलं त्यांनीच.

त्यांची भाची मात्र सारखी घड्याळाकडे बघत होती. दवाखान्याच्या नोंदींसाठी तिने महिनाभर घरी राबून प्रोग्राम बनवला होता, तिचं पहिलंवहिलं काम. घरी त्याची अकराही बटणं कशी झटपट चालायची! इथल्या कॉम्प्युटरवर फाइल आणली, तर 'नवा रुग्ण' दाबा नाहीतर 'लसीची आठवण', सगळं ढिम्म. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "बारापर्यंत चाललं तर ठीक, नाहीतर आपलं कार्डांचं कपाट बरं." आता अकरा वाजले होते.

"पहिला संशयित, उंदीर," मामा म्हणाले. "वायर कुरतडली."

"मग स्क्रीन कसा चालतोय, मामा?"

"फक्त बटणांची कुरतडली. सराईत दिसतोय."

मामांनी पिवळ्या चिठ्ठीवर 'उंदीर' लिहून ती स्क्रीनच्या वरच्या भागावर चिकटवली. कुणाचे टाके काढायचे, कुणाला उपाशी ठेवायचं, या दवाखान्यात सगळ्या चिठ्ठ्या तिथेच लागायच्या. आता त्या झालरीत संशयितांची भर पडली.

"दुसरा, चार नंबरच्या पिंजऱ्यातला बोका. काल कीबोर्डवर बसला होता. हेतू, मंगळवारचं ऑपरेशन."

भाचीने बोक्याकडे पाहिलं. हेतू तिलाही पटला.

"तिसरी, तू."

"मी?"

"गुप्तहेराला नाती नसतात. संध्याकाळी चहाला ये."

भाचीने फाइल नव्याने आणली, कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला. पावणेबारा झाले आणि तिला रडूच फुटायला आलं.

तेवढ्यात साफसफाईच्या मावशी ओलं फडकं घेऊन आल्या. "काच पुसायचीय. चिठ्ठ्या काढते."

"हात लावू नका! पुरावे आहेत!" मामा ओरडले.

मावशींनी बावीस वर्षांत मामांचं एकदाही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी सरसर चिठ्ठ्या काढल्या आणि मग नखाने काच खरवडायला लागल्या. "ही एक पिवळी मेली निघतच नाही बघ."

भाचीने वाकून पाहिलं. ती चिठ्ठी नव्हतीच. स्क्रीनवरच्या पिवळ्या पट्टीत लिहिलं होतं, 'सुरक्षेसाठी मॅक्रो बंद केले आहेत.'

"अगंबाई! मॅक्रो म्हणजे बटणांना दिलेल्या सूचना. फाइल बाहेरून आली म्हणून यानं त्या अडवल्या! घरी माझं फोल्डर मी कधीच विश्वासातलं करून ठेवलंय, तिथे ही पट्टी येतच नाही. विसरलेच मी."

"मग सांग त्याला, सरसकट सगळ्यांवर विश्वास ठेव म्हणून."

"नको रे, मामा. उद्या कुणीही काहीही पाठवेल. आपलं एक फोल्डर पुरे."

तिने तेवढं एक फोल्डर विश्वासातलं केलं, फाइल त्यात ठेवून पुन्हा उघडली आणि 'लसीची आठवण' दाबलं. प्रिंटर खडखडला. पहिलंच पत्र बोक्याच्या मालकाच्या नावाचं निघालं. भाचीने आनंदाने मावशींना फडक्यासकट मिठी मारली.

बाराच्या ठोक्याला डॉक्टरीणबाई आल्या. "अरे वा, चाललं की! आता औषधांच्या साठ्याचंही तूच बनव." मग त्या खुर्चीत बसून स्क्रीन न्याहाळायला लागल्या. "पण 'नवा रुग्ण'चं बटण कुठे गेलं?"

तिथे एक ताजी पिवळी चिठ्ठी होती, 'प्रकरण उलगडले. मामा.'

मावशींनी पुन्हा फडकं उचललं.