पिवळ्या छत्रीमागची रांग

या खेपेला सगळं आपणच जमवून दाखवायचं, असं एव्हेलिओने ठरवलं आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

एरवी तो काही ठरवणारा माणूस नव्हे. सिएनफुएगोसच्या शाळेत तो भूमिती शिकवतो, आणि घरात काय ठरवायचं ते त्याची बायको नेरेइदा ठरवते. (तिने आठवणीने पिशवीवर ठेवलेला टूथब्रश तो तितक्याच आठवणीने घरी विसरून आला होता.) पण दुल्सेचा फोन आला आणि गडी पेटला. विद्यापीठात दुल्से, रिगोबेर्तो आणि हा असं त्रिकूट होतं. दुल्से आता कायमची स्पेनला लेकीकडे निघाली होती, तीही पुढच्याच आठवड्यात. त्याआधी शनिवार-रविवार तिघांनी हवानात भेटायचं, आणि भेटून करायचं एकच: उद्यानातल्या त्या आइसक्रीमच्या दुकानात एका टेबलाशी बसून आइसक्रीम खायचं. शिकत असताना ते कधी जमलंच नाही. दर वेळी रांग धरायला एव्हेलिओ जायचा, आणि दर वेळी हा पठ्ठ्या नंबर घालवून यायचा.

"रांग मी धरतो," शनिवारी सकाळी एव्हेलिओ म्हणाला.

रिगोबेर्तोने कपाळाला हात लावला. तो दातांचा डॉक्टर, वाईट बातमी सांगायची सवय असलेला. "दुल्से, विमान पुढे ढकल गं. रांग हा धरतोय."

"धरू दे रे," दुल्से म्हणाली. "पण एव्हेलिओ, आज मला खरंच तुम्हा दोघांबरोबर बसायचंय. पुन्हा कधी बसेन, देव जाणे."

एव्हेलिओला भरूनच आलं. आज जीव गेला तरी बेहत्तर, नंबर सोडायचा नाही! दोघांना त्याने झाडाखालच्या बाकावर बसवलं आणि मोहिमेवर निघाला.

आता, आमच्याकडे रांगेत एकामागे एक कोण उभं राहतं? कोणी सावलीत बसलेलं, कोणी कठड्यावर, कोणी रस्त्यापलीकडे गप्पा मारतंय. आपण जाऊन ओरडायचं, "शेवटचं कोण?" जो हात वर करेल त्याच्यामागे आपण. फक्त त्याचं तोंड लक्षात ठेवायचं, आणि त्याच्याही पुढे कोण आहे ते बघून ठेवायचं, म्हणजे मधलं माणूस उठून गेलं तरी घोटाळा नको. हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

"शेवटचं कोण?" एव्हेलिओ ओरडला.

"मी," पिवळी छत्री उघडून बसलेली एक भरभक्कम बाई म्हणाली. "माझ्यापुढे तो टोपीवाला."

एव्हेलिओने जोरात मान डोलावली. टोपीवाला कोणता, हे त्याने जरा वेळाने पाहिलं, तेव्हा अर्ध्या उद्यानाने टोपी घातलेली होती. असू दे. छत्री आहे ना? त्याने छत्रीवर नजर रोखली. त्याच्यामागे गवती हॅटवाला एक म्हातारा लागला, म्हाताऱ्यामागे कडेवर पोर घेतलेली एक बाई, आणि तिच्यामागे आणखी कोण कोण.

सगळं झकास चाललं होतं. मग छत्री उठली आणि चालू लागली.

"अहो बाई! निघालात कुठे?"

"आलेच!" ती मागे न बघता म्हणाली.

आलेच म्हणजे कधी? आणि नाहीच आली तर आपण कोणाच्या मागे? एव्हेलिओने क्षणभर विचार केला (तेवढाच करतो तो) आणि छत्रीमागे निघाला.

"अरे, हा कुठे चालला?" म्हातारा दचकला. त्यानेही याच्यापुढचं माणूस बघून ठेवलं नव्हतं. तो एव्हेलिओमागे निघाला. पोरवाली म्हाताऱ्यामागे. तिच्यामागचे तिच्यामागे. मग जे पुढे होते त्यांना वाटलं, मागच्या अंगाला दुसरं दार उघडलं! झालं. कठड्यावरचे, सावलीतले, पलीकडचे, सगळे धावले.

"काय देतायत हो?" रस्त्यात खिडकीतून एकीने विचारलं.

"कोणास ठाऊक!"

"थांबा, मीही आले!"

पुढच्या नाक्यावर 'कोंबडी देतायत' झालं, त्याच्या पुढच्या नाक्यावर 'साबण', आणि मग 'गाद्या'. एक जोडपं तर हातगाडी घेऊनच आलं.

एव्हेलिओने मागे वळून पाहिलं आणि दोन्ही हात हलवले. "अहो, परत फिरा! इथे काही मिळत नाही!"

"ऐकलंत?" म्हातारा गरजला. "सगळं एकट्यालाच पाहिजे याला!"

छत्रीवाली एका घरात शिरली. पाठोपाठ दाराशी एव्हेलिओ, आणि एव्हेलिओमागे वेदादोची अख्खी वस्ती. थोड्या वेळाने बाई हातात डाव घेऊन दारात आली.

"अगं बाई! मेलं कोण?"

"कोणी नाही," एव्हेलिओ घाम पुसत म्हणाला. "तुम्ही परत येणार आहात ना?"

"येणार म्हणजे काय! घेवडा शिजत राहिला होता, तो बंद करायला आले. पण ही एवढी माणसं?"

"ती माझ्यामागे आहेत."

"आणि तुम्ही?"

"मी तुमच्यामागे."

बाईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "लग्न झालंय तुमचं?"

"झालंय."

"बिचारी," बाई म्हणाली.

तेवढ्यात आतून वास आला आणि रांगेत बातमी पसरली, घेवडा देतायत! गादीवाल्यांनी हातगाडी दारात आडवी लावली. शेवटी बाईने डाव उगारला, दाराला कुलूप ठोकलं आणि सगळी वरात आल्या वाटेने परत निघाली.

उद्यानात दुल्से आणि रिगोबेर्तो बाकावर बसले होते. दुल्सेच्या हातात आइसक्रीमची वाटी होती.

"अरे, कुठे होतास?" ती म्हणाली. "एकाएकी रांगच नाहीशी झाली. दारवान आम्हाला हात धरून आत घेऊन गेला! तुझ्यासाठी खुर्ची राखली होती रे. त्याने ती दुसऱ्याला दिली. म्हणून ही वाटी आणली."

एव्हेलिओला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने चमचा उचलला, तोच मागून हाक आली, "अहो, माझ्यामागे तुम्हीच ना? चला, नंबर लागला!"

नंबर! आयुष्यात पहिल्यांदा लागलेला नंबर! तो सोडायचा? वाटी रिगोबेर्तोच्या हातात कोंबून एव्हेलिओ छाती काढून आत गेला. आतलं आइसक्रीम संपलं होतं. तो बाहेर आला, तर बाहेरचंही संपलं होतं.

"वितळत होतं," रिगोबेर्तो मिशी पुसत म्हणाला. "आणि दातांचा डॉक्टर म्हणून सांगतो, तुला गोड चांगलं नाही."

दुल्से हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. "शेवटी तिघं एका टेबलाशी बसलो नाहीच," ती म्हणाली.

"उद्या बसू," एव्हेलिओ म्हणाला. त्याला एक भन्नाट कल्पना सुचली होती. "उद्या सकाळी मी पुन्हा रांग घेऊन जातो. कोपऱ्यावरून हळूच सटकतो, आणि आपण तिघं आत!"

"लेका," रिगोबेर्तो म्हणाला, "तुझ्या डोक्यातून निघालेली ही पहिली अक्कल."

छत्रीवाल्या बाईकडून छत्री मागून आणली गेली. ("न्या, पण घराकडे फिरकू नका," ती म्हणाली.) रविवारी सकाळी उद्यान गच्च भरलं होतं. दुल्से आणि रिगोबेर्तो झाडाआड दबा धरून बसले. एव्हेलिओने पिवळी छत्री उघडली, सगळ्यांना ऐकू जाईल असं "आलोच!" म्हटलं आणि ताठ मानेने चालू लागला. कोपऱ्यावर पोचल्यावर त्याने हळूच मागे पाहिलं.

एकही माणूस हललं नव्हतं.

तो छत्री मिटून परत आला. दुल्सेने त्याच्या हातात हात अडकवला. "राहू दे रे. आज तिघं मिळून रांगेत उभे राहू. संध्याकाळपर्यंत माझी बस नाही. चल, विचार."

"शेवटचं कोण?" एव्हेलिओने विचारलं.

कठड्यावरून गवती हॅटवाल्या म्हाताऱ्याने हात वर केला. "मी. पण आधीच सांगून ठेवतो, मी कुठेही येणार नाही."