पिनकोडसकट प्रार्थना

दाविदमामा देवाला पत्ता सांगतात. नुसतं नाव घेऊन त्यांचं भागत नाही. प्लॉट नंबर, गल्ली, जवळची खूण, शहर आणि शेवटी पिनकोड, एवढं सगळं झाल्याशिवाय त्यांची प्रार्थना पुढच्या घराकडे सरकत नाही.

मुकुंदवाडीत आम्ही राहायला आलो त्याच्या तिसऱ्याच दिवशी मला हे कळलं. पहाटे साडेपाचला मी तोंडात ब्रश घालून न्हाणीघरात उभा होतो आणि शेजारच्या व्हरांड्यातून खणखणीत आवाज आला, “हे कृपाळू परमेश्वरा, स्वर्गीय पित्या, प्लॉट नंबर बारा. नवीन आलेत. कुलकर्णी सर, तळमजला, निळं गेट, दारात लिंबाचं झाड. त्यांच्या उजव्या गुडघ्याला आराम पडू दे. मुकुंदवाडी, रेल्वे स्टेशनच्या अलीकडं...” मी तोंडातला फेस तसाच ठेवून ऐकत राहिलो. गुडघ्याचं मी अजून बायकोलाही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीपाशी मी त्यांना गाठलं. विचारलं, गुडघ्याची बातमी कुठून लागली?

“सामान उतरवताना पायरी चढत होता ना, सर. चौतीस वर्षं लोकांना दार उघडायला येताना पाहिलंय मी. कोण कुठं दुखत येतंय, कळतं.”

दाविद सखाराम खरात, निवृत्त पोस्टमन. आधी पाचोड, मग बिडकीन आणि शेवटची वीस वर्षं हे शहर. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सायकल आणि थैली जमा केली, पण आपलं बीट जमा केलं नाही. बीट म्हणजे पोस्टमनच्या वाटेला आलेली घरं, ठरलेल्या क्रमानं. मामा आजही त्याच क्रमानं प्रार्थना करतात. पहाटे पाचला उठून चहा घेतात आणि पंधरा मिनिटं डोळे मिटून नुसते बसतात. त्याला ते ‘सॉर्टिंग’ म्हणतात. आजारी माणसं, परीक्षेची पोरं, नवराबायकोची भांडणं यांचे आधी गठ्ठे लावायचे, मग गल्लीत शिरायचं. त्यांच्या घरामागे दहा मजली इमारत झाली तेव्हा पंचाईत आली. चार दिवस मामा वैतागलेले दिसले, मग तोडगा निघाला. मनातल्या मनात लिफ्टनं आधी वर जायचं आणि एकेक मजला प्रार्थना करत जिन्यानं खाली यायचं. “गुडघे वाचतात,” ते मला गंभीरपणे म्हणाले.

शहराचं नाव बदललं तेव्हाही त्यांनी आठवडाभर विचार केला. शेवटी दोन्ही नावं घ्यायचं ठरलं. पूर्वीचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. बदलाच्या काळात टपाल इकडंतिकडं होतं, हा त्यांचा अनुभव. पिनकोड तोच राहिला याचा मात्र त्यांना मोठा आधार वाटला.

एकदा चूक झाली. प्लॉट नऊच्या जाधवांच्या मुलीचं लग्न जमावं म्हणून मामांनी वर्षभर नेटानं प्रार्थना केली. मध्येच जाधव घर विकून नाशिकला गेले, हे मामांच्या कानावर आलंच नाही. नवीन मालकांची मुलगी बारावीत होती. तिला एकापाठोपाठ तीन स्थळं सांगून आली. बाप तणतणत मामांच्या दारात आला. “मामा, तुमचं टपाल आमच्या घरात पडतंय. बंद करा.” मामांनी हात जोडून माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्पष्ट ऐकलं, “प्लॉट नऊ, मागील मजकूर रद्द समजावा.”

प्रार्थना फळली नाही तर ते देवावर रुसत नाहीत. “पाठवणाऱ्यानं पाठवलेलं असतंय, सर. माणूसच घरी सापडत नाय. घर बंद असा शेरा मी किती वेळा मारलाय, तुम्हाला काय सांगू.”

मी वनस्पतीशास्त्र शिकवतो. देवाबिवाच्या भानगडीत पडत नाही. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दाविदमामांचे किस्से सांगून मी कैक चहा रंगवले आहेत. हे आधी कबूल करतो, कारण पुढचं सांगताना मला थोडी लाज वाटणार आहे.

मामांच्या घरात कामाची वाटणी होती. बीट मामांचं, घर रूथमावशींचं. रूथमावशी म्हणजे त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं, दोघंच. मामांचं शेवटचं घर झालं की मावशी चूल-पोतेरं आटोपून व्हरांड्याच्या दारात येत आणि साध्या आवाजात म्हणत, “आणि प्रभू, हा माणूस.” एवढंच. मग मामा ‘आमेन’ म्हणत. पत्ता नाही म्हणून ते रोज कुरकुरायचे. “अगं, प्लॉट तेरा म्हणायला काय होतंय?” मावशी म्हणायच्या, “तुम्ही कुठं राहता ते त्याला ठाऊक हाय. सारखं काय सांगायचं?”

पावसानं दगा दिला त्या वर्षी, दिवाळीनंतर, मावशी गेल्या. दोन दिवसांचा ताप झाला आणि संपलं.

चौथ्या दिवशी मामांची प्रार्थना पुन्हा सुरू झाली. सगळी गल्ली झाली, दहा मजले झाले, शेवटचं घर झालं, पिनकोड झाला. आणि मग काहीच नाही. मी न्हाणीघरात थांबून राहिलो. चूळ भरली, तोंड पुसलं, तरी पलीकडे शांतता. मावशींचे चार शब्द जिथे यायचे तिथे मामा रिकामे थांबून होते. बऱ्याच वेळानं त्यांनी घसा खाकरला आणि ‘आमेन’ म्हटलं. त्यानंतर रोज असंच होऊ लागलं. सकाळी ती शांतता सुरू झाली की मी नळ जोरात सोडायचो. नळाला पाणी नसलं की बादली सरकवायचो.

एकदा भिंतीवरून कढीपत्ता देताना ते म्हणाले, “सर, एक इचारू का? तुम्ही त्या वेळेला जागेच असता. शेवटी माझं नुसतं नाव घ्याल का?”

मी हसलो. म्हटलं, “मामा, मी तुमच्या देवाच्या ओळखीचा नाही. तुम्हीच का मागत नाही स्वतःसाठी?”

“तसं नसतंय, सर. पोस्टमननं आपल्या नावाचं पत्र आपणच थैलीतून काढून घ्यायचं नाय. ते दुसऱ्याच्या हातून यावं लागतंय. शिस्त हाय. अन् माझं घर मी माझ्या बीटात धरत बी नाय.”

“मग चर्चमध्ये होतच असेल की तुमच्यासाठी.”

“होते ना, दर रविवारी. सगळ्यांसाठी एकदम होते. ते छापील पत्रक असतंय, सर. सगळ्यांच्या दारात सारखंच पडतंय.” त्यांनी कढीपत्त्याची एक काडी उगाच मोडली. “पाळकसाहेबांनी बी सांगितलं, स्वतःसाठी मागायला बंदी नाय म्हणून. बरोबरच हाय त्यांचं. पण माझ्या तोंडातून निघत नाय.”

मी कढीपत्ता घेऊन आत आलो. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये छापील पत्रकाचं वाक्य सांगितलं आणि सगळे हसले. मीही हसलो.

त्या उन्हाळ्यात रेल्वे रुळांपलीकडच्या मोकळ्या जागेत पत्र्याची खोपटं उभी राहायला लागली. पैठण तालुक्यातली माणसं होती. गावाकडे विहिरी आटल्या, इकडे बिल्डिंगांची कामं जोरात, म्हणून आलेली. मामा एक दिवस तिकडून फिरून आले ते अस्वस्थच. “सर, साठएक घरं हायेत. एकाला बी नंबर नाय. कशी करायची प्रार्थना?” मी म्हटलं, सगळ्यांची एकदम करा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला आणि त्यांना हवी होती ती वस्तू, खडूची एक पेटी, कॉलेजातून आणून दिली.

पुढचं मी स्वतः पाहिलं, कारण पेटी धरायला मलाच बरोबर नेलं होतं. मामा एकेका पत्र्यासमोर उभे राहून मोठ्या वळणदार आकड्यांत नंबर टाकत चालले. पाठीमागे गर्दी जमली. चौदा नंबरला एक बाई कमरेवर हात ठेवून आडवी आली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली. तिचं नाव कौसाबाई.

“काय लिवता? पाडायची हायेत का खोपटं?”

“नाय, बाई. प्रार्थनेला नंबर लागतोय.”

“कुणाला लागतोय? देवाला?”

मामांनी हातातला खडू खाली घेतला. “त्याला नाय लागत,” ते म्हणाले. “मला लागतोय. नाहीतर एखादं घर राहून जातंय.”

कौसाबाई बाजूला झाली. “मंग नीट लिवा. पुसट नगं. लेक बाळंतपणाला आलीया, तिचं आधी बघा.”

एकसष्ट नंबर पडले. पुढच्या आठवड्यात टँकरवाल्यानं त्याच नंबरांनी हंडे लावायला सुरुवात केली आणि रांगेतली भांडणं कमी झाली. मामांचा तिकडे एकदम वट वाढला. ते रोज सकाळी ऊन चढायच्या आत जाऊन पुसट झालेले आकडे गिरवायचे आणि घरोघरचं ऐकून यायचे. कुणाला पाऊस हवा होता, कुणाची शेळी हरवली होती, तेवीस नंबरच्या म्हाताऱ्याला फक्त झोप हवी होती. पहाटेची प्रार्थना तासभर लांबली. ती संपल्यावरची शांतता मात्र तेवढीच राहिली.

मे महिन्यात एक दिवस पहाटे व्हरांड्यातून आवाज आलाच नाही. खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं. निवांत दात घासले. दुसऱ्या दिवशीही आवाज नव्हता. बायको म्हणाली, जाऊन या जरा. मी डोकावलो. मामा खाटेवर पडून होते. ऊन लागलं होतं, डॉक्टर येऊन गेले होते. “गोळ्या चालू हायेत, सर. दोन दिवसात उठतो.” मी बाटलीभर सरबत ठेवलं आणि पेपर तपासायचे होते म्हणून परत आलो. त्यांनी नाव घेण्याबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. विचारतील म्हणून मीच घाईनं उठलो होतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे मला ब्रश हातात घेववेना. अंगणात आलो. उजाडत होतं. मामांच्या गेटातून एक बाई आत शिरत होती, एका हातात डबा. कौसाबाई.

मला पाहून म्हणाली, “तीन दिस झाले, मामा फिरकलं नाय. आमचे नंबर पुसाया लागले. म्हणलं इथंच काय तरी झालंय.” तिनं डबा पायरीवर ठेवला. कनवटीला खोचलेला खडूचा तुकडा काढला. मामांच्या दाराकडे खालीवर पाहिलं. गल्लीतल्या प्रत्येक दाराचा नंबर ज्यांना पाठ, त्यांच्या स्वतःच्या दारावर नंबर नव्हता. इतकी वर्षं शेजारी राहून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

कौसाबाईनं एकाग्रपणे, जीभ ओठांत धरून, दारावर दोन मोठे आकडे काढले. ६२. आकडे तिरके आले होते. मग डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि डोळे मिटून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “देवा, बासष्ट नंबर. मामाला ऊन लागलंय. एकलाच हाय. त्याला उठीव.”

खिडकी उघडी होती. आतून, खाटेवरून, बारीक झालेला आवाज आला. “पत्ता अपुरा हाय, बाई.”

“मंग सांगा की पुरा.”

आतून उत्तर आलं नाही. येणारही नव्हतं. शिस्तीचा माणूस, ऊन लागून पडला तरी आपलं पत्र आपण काढणार नाही. कौसाबाई हात तसेच जोडून उभी राहिली. तिला वाटलं, मामांना आठवत नसेल. पण मला माहीत होतं ते कशासाठी थांबले आहेत. रोज पहाटे नळ सोडून मी जी शांतता बुजवायचो, तीच होती ती.

मी भिंतीपाशी गेलो. वर्गात शंभर पोरांसमोर कधी अडखळलो नाही, इथे आवाज फुटेना. कौसाबाईनं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

“प्लॉट नंबर तेरा,” मी म्हणालो. “दाविद सखाराम खरात. तळमजला. कुलकर्णी सरांच्या लिंबाच्या झाडाशेजारी. मुकुंदवाडी, रेल्वे स्टेशनच्या अलीकडे. पूर्वीचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर.” आणि मग पिनकोड, सहाच्या सहा आकडे, एकेक करून.

आतून ‘आमेन’ आलं. त्या दिवशी त्यासाठी थांबावं लागलं नाही.