देवराव मास्तरांची इंग्रजी गझल

म्हशीला इंग्रजीत गझल ऐकवणारा आमच्या आसगावात एकच माणूस आहे, माझे शेजारी देवराव मास्तर. शाळेतून रिटायर झाले आणि इंग्रजीत गझला लिहू लागले. वैरण टाकता टाकता म्हशीला वाचून दाखवतात. म्हैस मान हलवते. मास्तरांना ती दाद वाटते. मला वाटतं, माश्या असतील.

"मास्तर, मराठीत काहून नाही लिहीत?" मी विचारलं.

"मराठीत लिहिलं तर गावाले समजते, वहिनी."

मी चौथी पास. त्यांनी मला एवढंच शिकवलं, की प्रत्येक शेराच्या शेवटी तेच शब्द फिरून येतात. म्हटलं, हे तर भाताच्या रोवणीच्या गाण्यासारखं झालं. एकीनं ओळ म्हणायची, शेवट सगळ्या बायांनी उचलायचा. मग शेराच्या शेवटी त्यांचं 'ॲट होम' आलं की मीही 'ॲट होम' म्हणू लागले. शेवटच्या शेरात ते स्वतःचं नाव घालतात.

"नाव कायले? कोणी चोरून नेते का?"

"रिवाज आहे, वहिनी!" हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर.

एकदा त्यांनी गझल गावच्या ग्रुपवर टाकली. इंग्रजी मजकूर, खाली मास्तरांचं नाव. एकाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. त्याचं पाहून सगळ्यांनी लिहिलं. दुपारी दोघं जण खांद्यावर टॉवेल टाकून दारात हजर. मास्तरांनीच त्यांना चहा पाजला आणि गझलही ऐकवली. परत जाताना ते जास्त दुःखी दिसत होते.

पुढे नागपूरहून बोलावणं आलं. इंग्रजीत गझल लिहिणाऱ्यांची बैठक होती. मास्तरांनी नवा कुर्ता शिवला. म्हशीला आणि मला रोज तीच, बैठकीत म्हणायची गझल.

तेवढ्यात माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. मुलगा पुण्यात, त्याला सुट्टी नाही. मास्तर म्हणाले, "माही बैठक पुढं गेली. चला, मी येतो भंडाऱ्याले." दवाखान्याच्या बाकावर ते दिवसभर बसले, तोच नवा कुर्ता घालून.

दुसऱ्या दिवशी मी एका डोळ्यावर पट्टी घेऊन पडले होते आणि ते माझ्या चुलीवर भात शिजवत होते. त्यांचा फोन वाजला. मास्तर फोन कानाला लावत नाहीत, स्पीकरवरच बोलतात.

"सर, काल बैठकीत तुमचं नाव पुकारलं. तुम्ही आलेच नाही!"

मास्तरांनी घाईघाईने फोन बंद केला. पण माझ्या कानांना पट्टी नव्हती.

"खोटं बोलले तुम्ही. एवढी वाट पाहिली, आन गेले काहून नाही?"

ते भात ढवळत राहिले. मग म्हणाले, "तिथं सगळे लिहिणारे, वहिनी. जो तो आपल्या पाळीची वाट पाहते. घरी मी एकटा. कधी कधी सांजेपर्यंत तोंड उघडत नाही. तुम्ही शिव्या देता, पण आयकता. तुमाले एकटं कसं धाडू?"

मला आभार मानायची सवय नाही. तोंडाने झालं नाही, म्हणून इथे लिहिते: मास्तर, उपकार झाले.

त्या दिवशी एवढंच म्हटलं, "ती नागपूरची गझल म्हणा आता. पुरी म्हणा."

त्यांनी हात पुसले, समोर सभा भरल्यासारखे ताठ उभे राहिले आणि सुरू केलं. अर्ध्यावर थांबून ते भात पाहायला वळले.

"थांबू नका," मी म्हटलं. "मले कुठं जाचं हाये?"