ग्रेडर बबनराव आणि वाळलेले बॉक्सर

आमचे शेजारी बबनराव बॉक्सरांची प्रत कापसासारखी लावतात. दर शनिवारी सकाळी ते भिंग घेऊन माझ्या व्हरांड्यात येतात, माझ्या टॅबवर दोन उघड्या अंगाच्या पुरुषांचे फोटो निरखतात आणि सांगून टाकतात, "वैनी, डावीकडला कवडी हाय. उद्या सहाव्या फेरीत बसते."

ईशान आणि सई, परदेशातल्या माझ्या नातवंडांनो, तुमच्यासाठी सांगते. कवडी म्हणजे डागी, किडका कापूस. बबनरावांची सगळी नोकरी अंजनगाव आणि भातकुलीकडच्या कापूस खरेदी केंद्रांवर ग्रेडर म्हणून गेली. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस ओढायचा, धागा बघायचा, ओलावा सांगायचा. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारून आणणारे त्यांना फाटकातूनच ओळखू येत. निवृत्तीनंतर हे कसब वाया जाऊ लागलं, तेवढ्यात मोबाइलवर त्यांना बॉक्सिंग सापडलं.

"तिकडं उलटं हाय," त्यांनी मला समजावलं. "आपले लोक वजन वाढवाले पाणी मारत. हे पोट्टे वजन उतरवाले अंगातलं पाणी काढून राहिले! लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर उभे करतात त्याईले. कोण किती वाळला, तेवढंच पाहायचं. लय वाळला, तो टिकत नाई."

म्हणून ते भिंगातून गाल बघतात, ओठ बघतात, डोळ्यांखालचे खड्डे बघतात. नावं त्यांना नको असतात. एक लंबू, एक घाऱ्या, एवढ्यावर काम चालतं. मी इंग्रजीत एम. ए. झालेली बाई, कौतुकाने त्या बॉक्सरांच्या मुलाखती वाचून दाखवायला गेले, तर म्हणाले, "बोलणं सोडा वैनी. गाडीवाला बी म्हणे, माल एक नंबर हाय. तुमी फोटो मोठा करा."

मी मसाल्याच्या डब्यांवरही तारखा घालते हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा वही घातली यात नवल नाही. एका बाजूला शनिवारचं भाकीत, दुसऱ्या बाजूला रविवारचा निकाल. वर्षभरात बबनराव क्वचितच चुकले. मला तर त्यांचा अभिमान वाटू लागला होता.

पण जवळजवळ दर रविवारी दुपारी भिंतीपलीकडून आरोळी यायची, "हरलो वैनी! पुन्हा हरलो!" आणि आवाज असा, की घरात लग्न ठरलंय. त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालत, वांग्याची भाजी करत आणि वाटीभर मला आणून देत. वही म्हणायची जिंकले, माणूस म्हणायचा हरलो. असला गोंधळ माझ्या डोक्याला सोसत नाही.

एका शनिवारी संध्याकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. पलीकडे बबनराव फोनवर बोलत होते, "दादा, माझा लंबू. घाऱ्या तू घे." सकाळीच त्यांनी लंबूला कवडी ठरवलं होतं! मी तांब्या ठेवला आणि थेट त्यांच्या दारात जाऊन विचारलं.

आधी लाजले. मग म्हणाले, "अकोल्याले माझा दादा हाय ना, वामनदादा. आमची शर्यत असते. मी एक पैलवान सांगतो, राहिला तो त्याचा. जो जिंकला त्यानं फोन करायचा. दादा जिंकला का तासभर मले चिडवते. मंग इचारते, बीपीची गोळी घेतली का, पाठ कशी हाय, काय रांधलं. अन् हरला का फोनच उचलत नाई. लहानपणी गोट्यात हरला तरी तीन दिवस अबोला धरे. आता आमी दोघंच उरलो, वैनी. मी जिंकून काय करू?"

त्यानंतर मी तोंड बंद ठेवलं आणि वही चालू ठेवली.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर एक लढत आली. फोटोतला एक जण इतका वाळलेला, की बबनरावांनी भिंग खाली ठेवलं. "हा उभा राहते तेच लय झालं." अर्थात संध्याकाळी दादाला त्यांनी आपला म्हणून तोच सांगितला. रविवारी सकाळी त्या हाडांच्या सापळ्याने पहिल्याच फेरीत, एकाच ठोशात समोरच्याला आडवं केलं.

भिंतीपलीकडून आरोळी आली नाही. मी गेले. बबनराव मोबाइल मांडीवर घेऊन बसले होते.

"जिंकलो, वैनी," ते म्हणाले. कुणी गेल्याची बातमी सांगावी तसं.

त्यांनी अकोल्याला फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी लावला, तिसऱ्या दिवशी लावला. पुतण्या म्हणाला, बाबा बरे आहेत, पण नंतर बोलतो म्हणतात. पुढचे दोन शनिवार बबनराव माझ्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी भाजी द्यायला गेले, तर एका खुर्चीवर मोबाइल ठेवलेला आणि समोरच्या खुर्चीवर हे. पाहुण्यासमोर बसावं तसे. आधी दिलेली भाजी डब्यात तशीच होती.

दोन दिवस विचार केला. सांगितलं तर वामनराव कायमचे दुखावतील, न सांगावं तर हे असेच बसून राहतील. शेवटी वही घेतली, बबनरावांच्या पुढ्यात बसले आणि माझ्या फोनवरून अकोल्याचा नंबर लावला. अनोळखी नंबर, म्हणून उचलला गेला.

"मी अमरावतीहून बोलते, तुमच्या भावाची शेजारीण. माझ्याकडे त्यांची भाकितं लिहून ठेवलेली आहेत. या वेळी त्यांचाही अंदाज चुकलाय. त्यांना वाटत होतं, तुमचाच माणूस जिंकणार."

"मंग मले उलटं काहून सांगतलं त्यानं?"

"नेहमीच उलटं सांगतात. तुम्ही जिंकलात की फोन करता, म्हणून."

बबनराव दोन्ही हातांनी मला नको नको म्हणत होते.

"म्हंजे मी कधी जिंकलोच नाई?" म्हाताऱ्याचा आवाज एकदम लहान झाला.

मी वही मिटून ठेवली.

मग त्यांनी विचारलं, "जेवते का तो टायमावर?"

"तुमचा फोन आला, त्या दिवशी जेवतात."

"द्या त्याले."

मी फोन दिला. बबनरावांनी तो कानाला लावला आणि लगेच वीतभर लांब धरला. पलीकडून वामनराव गरजले, "का बे भैताडा! मोठ्या भावाले फसवतं? लाज नाई वाटत? थांब, येतो मी अमरावतीले, कान उपटतो तुहा!"

"हो दादा," बबनराव म्हणत होते. "हो. चुकलो दादा. कधी येतं?"

शिव्या संपायचं चिन्ह दिसेना. फोन माझा होता, पण तो मागायला जीव होईना. दार लोटून मी घरी आले. इथे दुपारचे चार वाजले होते. तुमच्याकडे अजून उजाडायचं होतं, म्हणून हे लिहायला बसले.