उरलेले महिने

मुदत या विषयावर औषधवाल्यांना कुणी शिकवायला गेलेलं त्यांना खपत नसे. दुकानातल्या औषधाचे थोडेच महिने उरले, की ते फळीवरून उतरवून कंपनीकडे परत धाडत. "अहो, चालतंय की अजून," असं गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणत, "आज चालतंय. तुमच्या घरी संपेपर्यंत चालायला नको?"

पासपोर्टाच्या बाबतीत मात्र त्यांचं शास्त्र उलटं होतं. बायकोनं स्वतःचा पासपोर्ट वेळेआधीच नवा करायला घेतला, तेव्हा तिनं विचारलं होतं, "तुमचाही बरोबर करून घ्यायचा का?"

"कशाला? जुन्याचे उरलेले महिने काय सरकारला आंदण द्यायचे?"

पुढे परदेशातल्या लेकीला दिवस गेले. पहिलंच बाळंतपण, लेक धास्तावलेली. "बाबा, तुम्ही दोघंही या," असं तिनं बजावलं होतं. दोघांचा व्हिसा आधीचाच शिल्लक होता, तिकिटं जावयानं काढली. बायकोनं पासपोर्टाचा विषय पुन्हा हळूच काढून पाहिला.

"आपण परत येईपर्यंत पुरतोय तो," औषधवाले म्हणाले. "मुदत मला शिकवू नकोस."

विमानतळावरच्या खिडकीतल्या मुलीनं बायकोचं काम चटकन उरकलं. औषधवाल्यांचा पासपोर्ट तिनं दोनदा पाहिला.

"काका, याचे चारच महिने उरलेत. तिथे उतरायला सहा तरी लागतात."

"पण चालतोय ना अजून?"

बोलून गेल्यावर त्यांची कानशिलं तापली. तरी त्यांनी हुज्जत घातलीच. मुलीनं साहेबांना बोलावलं, साहेबांनी त्यांच्या साहेबांना, आणि सगळ्यांनी आळीपाळीनं त्यांना तेच समजावलं. त्यात बाळाचं सगळं सामान औषधवाल्यांच्या बॅगेत. ती तिथेच फरशीवर उघडून झबली-दुपटी बायकोच्या बॅगेत कोंबावी लागली. रांगेतल्या एका गिऱ्हाइकानं त्यांना ओळखलं आणि त्यांचे बनियन गोळा करून अदबीनं हातात दिले. फरशी दुभंगली असती तर त्यांना हवं होतं.

"मी जाते," बायको म्हणाली. ती कधी एकटी विमानात बसली नव्हती. तिनं एका शब्दानंही टोमणा मारला नाही, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

दोन दिवसांनी लेकीचा फोन आला. "आई म्हणाली, दुकानातला माणूस अचानक सोडून गेला म्हणून तुम्ही थांबलात."

बायकोनं त्यांची अब्रू झाकली होती. नुसतं 'हो' म्हटलं की सुटका होती.

"थोडे दिवस दुकान बंद नसतं का ठेवता आलं, बाबा?" लेकीचा आवाज कापला. "मी इतकं बोलावलं होतं."

औषधवाले म्हणाले, "दुकानाचं काही नव्हतं गं. पासपोर्टाचे महिने वाचवत बसलो. आई सांगत होती, मीच शहाणपणा केला. विमानतळावरून परत पाठवलं मला."

लेकीनं मग सावकाश विचारलं,

"म्हणजे दुकान बंद करून निघाला होतात तुम्ही?"

"हो. कुलूप लावून, बाहेर पाटी टांगून."

"मग ठीक आहे," लेक नाक ओढत म्हणाली. "वेंधळे बाबा चालतील मला."